सायलेन्सरचा आवाज म्हणजे इंजिनाची ताकद नव्हे

मोटार दुरुस्तीच्या धंद्यावर आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल पेटते. कोणी फिटर आहे, कोणी वेल्डर, कोणी डेंटिंगचे काम करतो, तर कोणी जुन्या स्पेअर पार्टचा व्यापार करतो. या सर्वांत सायलेन्सरचे काम करणारा कारागीर बहुधा शेवटी मोजला जातो. ‘पाइप कापायचा आणि पाइप जोडायचा, त्यात कसला हुनर?’ असे लोक म्हणतात. दुर्दैवाने तो कारागीरही कधी कधी तसेच समजतो. या समजाचा तोटा कारागिराला होतो आणि गिऱ्हाइकालाही होतो. तो कसा, याचाच हिशेब आम्ही या लेखात मांडणार आहोत.

गॅरेजवर नेहमी घडणारा एक प्रसंग घ्या. वीस-बावीस वर्षांचा तरुण जुनी मारुती ८०० घेऊन येतो आणि म्हणतो, “उस्ताद, मॅनिफोल्डपासून मागपर्यंत सगळे बदलून टाका. पाइप जाड लावा, सायलेन्सर मोकळा लावा. आवाज आला पाहिजे आणि पिकअप वाढला पाहिजे.” अर्ध्या दिवसात काम होते. गाडी गर्जना करीत निघून जाते आणि गल्लीतील पोरे वळून पाहतात. पंधरा दिवसांनी तोच तरुण परत येतो. “उस्ताद, आवाज तर जोरदार आहे, पण सिग्नलवरून गाडी उचलत नाही. चढावर सारखा गिअर उतरवावा लागतो. ॲव्हरेजही पडले.” मग प्लग बदलतात, कार्बोरेटर खोलतात, टायमिंग तपासतात. पैसा खर्च होतो, पण दोष सापडत नाही. कारण दोष ज्या पाइपात आहे तिकडे कोणी पाहतच नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की एक्झॉस्टचा पाइप हा इंजिनाचाच एक भाग आहे. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांना जसे माप असते तसे या पाइपालाही माप असते. ते माप ज्याला कळले, तो कारागीर पाइप जोडणारा राहत नाही, इंजिनाचा जाणकार होतो.

इंजिन श्वास कसा सोडते?

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा साधारण एक तृतीयांश भाग धुरावाटे बाहेर जातो. म्हणजे सायलेन्सरमधून जाणारा वायू हा नुसता कचरा नसतो; त्यात उष्णता असते, दाब असतो आणि वेग असतो. या तिन्हींचा उपयोग करून घेता येतो, किंवा त्यांच्यामुळे नुकसानही होऊ शकते.

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खाली पूर्ण पोचण्याआधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. बहुतेक गाड्यांत तो क्रँकच्या ४० ते ६० अंश आधी उघडतो. त्या वेळी सिलिंडरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त दाब शिल्लक असतो. त्यामुळे व्हॉल्व्ह उघडताच वायू धक्क्याने बाहेर पडतो. हा पहिला टप्पा. नंतर पिस्टन वर येतो आणि उरलेला वायू ढकलून काढतो. हा दुसरा टप्पा. पुढचा रस्ता अरुंद किंवा तुंबलेला असेल तर दुसऱ्या टप्प्यात पिस्टनला जोर लावावा लागतो. तो जोर चाकांच्या वाट्यातून वजा होतो.

पिस्टन अगदी वर पोचला तरी त्याच्या डोक्यावर थोडी जागा राहतेच. इंजिनाचे कॉम्प्रेशन ९ ला १ असेल तर एकूण जागेचा नववा हिस्सा शिल्लक राहतो आणि त्यात जळका वायू अडकून बसतो. तो निघाला नाही तर पुढच्या खेपेला ताज्या मिश्रणाला तेवढी जागा कमी मिळते. पिस्टन हा वायू काढू शकत नाही. तो काढू शकतो फक्त बाहेरचा पाइप.

पाइपातील लाट

पाइप हे काम कसे करतो ते नीट समजून घेतले पाहिजे. व्हॉल्व्ह उघडताच वायूबरोबर दाबाची एक लाट पाइपात शिरते. वायू आणि लाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विहिरीत दगड टाकला तर पाणी जागच्या जागी हलते, पण तरंग काठापर्यंत जातो. तसेच येथे होते. वायू पाइपातून सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास जात असेल, तर लाट सेकंदाला ५०० ते ६०० मीटर वेगाने धावते. साध्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. गरम वायूत तो वाढतो.

ही लाट पाइपाच्या उघड्या टोकाशी किंवा पाइप एकदम रुंद होतो त्या ठिकाणी पोचली की उलटते. जाताना ती ढकलणारी असते, परतताना ओढणारी होते. ओढणारी लाट जर नेमक्या वेळी, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असताना आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडत असताना परत आली, तर ती अडकलेला जळका वायू खेचून काढते आणि ताज्या मिश्रणालाही आत यायला मदत करते. वेळ चुकली तर मात्र मदत मिळत नाही. उलट दुसऱ्याच सिलिंडरची ढकलणारी लाट येऊन धूर पुन्हा आत लोटते.

वेळेचा हिशेब अवघड नाही. मॅनिफोल्डची एक नळी ८० सेंटिमीटर लांब आहे असे धरू. लाटेला जाऊन-येऊन १६० सेंटिमीटर अंतर पडते. सेकंदाला ५५० मीटर या वेगाने त्यासाठी सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर असेल तर तेवढ्या वेळात क्रँक सुमारे १०५ अंश फिरतो. ३००० फेऱ्यांवर असेल तर फक्त ५२ अंश. म्हणजे तोच पाइप एका वेगाला बरोबर बसतो आणि दुसऱ्या वेगाला चुकतो. म्हणूनच शर्यतीच्या गाडीचा पाइप बाजारहाटाच्या गाडीला लावून उपयोग नसतो. शर्यतीची गाडी बहुतेक वेळ वरच्या फेऱ्यांवर पळते. आपली गाडी शहरात १५०० ते ३००० फेऱ्यांतच फिरते.

एका पाइपाने घडवलेला इतिहास

ज्यांना पाइपाची ही करामत खरी वाटत नसेल त्यांनी टू-स्ट्रोक मोटारसायकल आठवावी. राजदूत किंवा यामाहा आरएक्स १०० चा सायलेन्सर कार्बनने भरला की गाडीचा दम जात असे, आणि मिस्त्रीने तो काढून, जाळून साफ केला की गाडी पुन्हा उड्या मारू लागे. इंजिनाला हात न लावता हा फरक पडत असे, कारण टू-स्ट्रोक इंजिनाचे अर्धे काम त्या फुगीर पाइपातच चालते.

हे शास्त्र पूर्णत्वाला नेण्याचे मोठे श्रेय पूर्व जर्मनीतील झोपाऊ येथील एमझेड कारखान्याचे इंजिनिअर वाल्टर काडेन यांना जाते. १९५० च्या दशकात अपुऱ्या पैशात आणि अपुऱ्या साधनांत त्यांनी पाइपाची लांबी, फुगवटा आणि मागचा निमुळता भाग यांची मापे पुन्हा पुन्हा बदलून पाहिली. फुगीर भागातून ओढणारी लाट आणि मागच्या निमुळत्या भागातून ढकलणारी लाट परत येते. पहिली लाट जळका वायू काढते. दुसरी पोर्टातून निसटलेले ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते. १९६१ पर्यंत त्यांचे १२५ सीसीचे इंजिन सुमारे २५ अश्वशक्ती देऊ लागले होते, म्हणजे लिटरला २०० अश्वशक्ती. त्या काळी ही थक्क करणारी गोष्ट होती. त्याच १९६१ साली एमझेडचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला आणि जपानच्या सुझुकी कंपनीला जाऊन मिळाला. ही विद्या त्याने सोबत नेली. १९६२ साली सुझुकीने ५० सीसी गटाचे जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि अजिंक्यवीर होता हाच डेग्नर. लोखंडी पत्र्याच्या एका पाइपाच्या मापांना काय किंमत असू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

मोटारगाडीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात पाइपाचा प्रभाव इतका मोठा नसतो, कारण तेथे व्हॉल्व्ह असतात. पण नियम तेच लागू होतात.

जाड पाइपाचा भ्रम

आता त्या तरुणाच्या मारुती ८०० कडे वळू. तिचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. दोन फेऱ्यांत ते जास्तीत जास्त तेवढी हवा घेते. मिनिटाला ५००० फेऱ्यांवर हा आकडा सुमारे २००० लिटर होतो. जळून ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला वायू जवळजवळ तिप्पट फुगतो, म्हणजे मिनिटाला ६००० लिटर, सेकंदाला १०० लिटर. हा वायू आतून ३५ मिलिमीटर असलेल्या पाइपातून गेला तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे १०४ मीटर होतो. पाइप ५० मिलिमीटरचा केला तर तोच वेग निम्मा, म्हणजे ५१ मीटर होतो. शहरात २००० फेऱ्यांवर इंजिन निम्मीच हवा घेत असेल, तर जाड पाइपात वेग १० मीटरवर येतो.

वेगाने जाणारा वायू आपल्यामागे थोडी पोकळी ठेवत जातो आणि ती पोकळी पुढच्या वायूला ओढते. रेंगाळणारा वायू कोणालाच ओढत नाही. इंजिनाजवळचा पाइप गरजेपेक्षा जाड झाला की खालच्या फेऱ्यांवरील ही ओढ जाते. शिवाय जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत धुराचा रस्ता बदलला की आत येणाऱ्या हवेचे प्रमाणही बदलते. जेट तेच राहिले तर मिश्रण बिघडते. सिग्नलवरून गाडी न उचलण्याची ही कारणे आहेत.

येथे दुसरी एक चुकीची समजूतही दूर केली पाहिजे. काही जुने मिस्त्री म्हणतात, “इंजिनाला बॅक प्रेशर लागतेच.” बॅक प्रेशर म्हणजे धुराच्या वाटेतील अडथळा. अडथळा कोणत्याही इंजिनाला लागत नाही. लागतो तो वायूचा वेग. बारीक पाइपात वेग मिळतो, पण वरच्या फेऱ्यांवर अडथळाही वाढतो. जाड पाइपात अडथळा कमी होतो, पण खालच्या फेऱ्यांवर वेगही कमी होतो. दोन्हींचा मध्य साधणे हेच कारागिराचे कौशल्य आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीने रोजच्या वापरासाठी तो मध्य बहुतेक वेळा साधलेलाच असतो.

बदल इंजिनाच्या जितका जवळ, तितका परिणाम मोठा. मॅनिफोल्डच्या नळ्या आणि त्या जिथे एकत्र होतात तो सांधा सर्वांत महत्त्वाचा. मागच्या सायलेन्सरनंतरचा शेवटचा तुकडा जाड केला किंवा त्याला चकचकीत तोंड बसवले तर शक्ती वाढत नाही आणि घटतही नाही. मागे जाईपर्यंत वायू थंड होतो. ६०० अंशांवरून तो ३०० अंशांवर आला की त्याचे आकारमान सुमारे दोन तृतीयांश राहते. त्यामुळे मागे पुढच्यापेक्षा जाड पाइपाची गरजच नसते.

तीन सिलिंडर आणि चार सिलिंडर

मॅनिफोल्डचे काम हाती घेण्याआधी सिलिंडर कोणत्या क्रमाने पेटतात हे पाहिले पाहिजे. तीन सिलिंडरच्या इंजिनात दर २४० अंशांनी एक सिलिंडर धूर सोडतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हही साधारण तेवढाच वेळ उघडा असतो. त्यामुळे एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत फारसा येत नाही. मारुती ८०० असो वा आजची टाटा टियागो किंवा रेनॉ क्विड, तीन सिलिंडरच्या गाडीत तिन्ही नळ्या एकत्र आणणे त्यामानाने सोपे असते.

चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांनी पाळी येते. नेहमीचा क्रम १-३-४-२ असा असतो. पहिल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह मिटण्याआधीच तिसऱ्याचा उघडतो आणि त्याचा जोरदार धक्का पहिल्यावर आदळू शकतो. चारही तोंडे एका आखूड ओतीव डब्यात सोडली असतील तर हे होतेच. म्हणून जाणकार कारागीर १ आणि ४ यांची एक जोडी व २ आणि ३ यांची दुसरी जोडी करतो. जोडीतील दोन सिलिंडरांत ३६० अंशांचे अंतर असते, त्यामुळे ते एकमेकांना त्रास देत नाहीत. नंतर दोन्ही जोड्या एका पाइपात आणतात. याला चार-दोन-एक रचना म्हणतात. तिचा फायदा मधल्या फेऱ्यांवर, म्हणजे रोजच्या रस्त्यावर मिळतो. चारही लांब नळ्या थेट एका ठिकाणी आणल्या तर फायदा वरच्या फेऱ्यांवर मिळतो. गिऱ्हाईक गाडी कशी चालवते हे विचारल्याशिवाय यांतील काय बनवायचे ते ठरवता येत नाही.

हाताच्या कामातील बारकावे

पाइप वळवताना आतल्या बाजूला चुण्या पडल्या किंवा तो चपटा झाला तर नुकसान वाटते त्यापेक्षा जास्त होते. ४० मिलिमीटरचा पाइप ३६ चा झाला, म्हणजे व्यास फक्त दहा टक्के घटला, तर तेवढ्या लांबीत घर्षणाने होणारी दाबाची घट जवळजवळ पावणेदोन पट होते. वाळू ठासून भरून, तापवून पाइप वळवण्याची जुन्या कारागिरांची रीत याच कारणासाठी होती. वाळू मात्र पूर्ण कोरडी असावी. ओली असेल तर वाफ होऊन तोंडाचा बूच बंदुकीच्या गोळीसारखा उडतो.

जोड देताना वेल्डिंगचा मणी पाइपाच्या आत उतरू नये. नळीचे तोंड, गॅस्केटचे भोक आणि हेडचे पोर्ट एकमेकांवर बरोबर बसावेत. गॅस्केट आत डोकावत असेल तर तो वाटेतला दगडच समजावा.

लोखंड तापले की वाढते हेही विसरू नये. दोन मीटर साधा लोखंडी पाइप ४०० अंशांनी तापला तर सुमारे १० मिलिमीटर लांब होतो. ३०४ नंबरचे स्टेनलेस असेल तर १३ ते १४ मिलिमीटर. पाइपाला ही हालचाल करू दिली नाही, रबराच्या जागी तार आवळली किंवा पाइप थेट चासीला वेल्ड केला, तर आज ना उद्या मॅनिफोल्ड तडकतो.

एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जाते. रोज चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ते सायलेन्सरमध्ये साचते आणि पत्रा आतून सडवते. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत पाणी आणखी जास्त निघते. म्हणून कंपनीने सायलेन्सरच्या तळाला ठेवलेले बारीक छिद्र वेल्डिंगने बुजवू नये.

स्वस्त पडतो म्हणून काही जण पाण्याचा जीआय पाइप वापरतात. त्यावरील जस्त वेल्डिंगमध्ये जळते आणि त्याचा पांढरा धूर छातीत जातो. रात्री थंडी-ताप भरतो आणि आम्ही त्याला हवा बदलली असे म्हणतो. थोड्या पैशांसाठी स्वतःच्या फुप्फुसांचा सौदा करू नये. त्याचप्रमाणे बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो जीव घेतो. गाडीच्या पोटाखाली गळणारा जोड हा म्हणूनच ‘चालेल’ म्हणून सोडण्याचा विषय नाही.

कॅटकॉन आणि सेन्सर

भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, कारण शिशामुळे कन्व्हर्टर निकामी होतो. गॅरेजच्या भाषेत यालाच कॅटकॉन म्हणतात. त्याच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. विषारी वायूंचे रूपांतर तेथे होते.

एखादा प्लग नीट पेटत नसेल तर न जळलेले पेट्रोल या जाळीत जाऊन जळते. जाळी वितळते आणि वाट बंद होते. गाडी आयडलला ठीक चालते, पण वर फेऱ्या घेत नाही. अशा वेळी जाळी फोडून रिकामा डबा बसवणे हा इलाज नव्हे. आधी प्लगचा दोष काढावा, मग योग्य कॅटकॉन बसवावा.

आजच्या गाडीत कॅटकॉनच्या आधी ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याच्या आधीच्या जोडातून हवा आत शिरली तर सेन्सरला वाटते की पेट्रोल कमी पडत आहे. मग संगणक पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडते आणि कारण मात्र दोन रुपयांच्या फटीएवढे असते. अशा गाडीला वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढावी आणि अर्थचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावावा. नाही तर संगणक जळण्याची भीती असते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. तेव्हापासून नव्या डिझेल मोटारींत काजळी धरणारा फिल्टर सर्रास असतो. तोही कापून टाकण्याची वस्तू नाही.

भंगाराच्या व्यापाऱ्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. या धातूंच्या लोभाने महाराष्ट्रात मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे अनेक गुन्हे नोंदले गेले आहेत. चोरीचा माल घेणे हाही गुन्हाच आहे. कॅटकॉन विकत घेताना गाडीचा नंबर, विकणाऱ्याचे ओळखपत्र आणि पावती यांशिवाय व्यवहार करू नये.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक मोटार वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाजाचे किंवा प्रदूषणाचे मानक मोडणारे वाहन रस्त्यावर चालवले, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय तीन महिने लायसन्स जाते. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. त्या ढिगात कारागिराची मेहनत होती आणि गिऱ्हाइकाचा पैसा होता. दोन्ही मातीत गेले.

आणि आवाजात ताकद असतेच कुठे? इंजिनाच्या शक्तीच्या मानाने आवाजात जाणारी ऊर्जा अगदीच नगण्य असते. कानाला गाडी वेगवान वाटते, घड्याळाला वाटत नाही. दवाखान्यातल्या रुग्णाला आणि पाळण्यातल्या मुलाला मात्र त्याचा त्रास होतो.

मोजून काम करावे

मग धंदा कसा वाढवावा? आमचा सल्ला असा की काम मोजून करावे. दाब मोजणारे एक साधे गेज आणि व्हॅक्यूम गेज ही दोन साधने घ्यावीत. ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या जागी दाबाचे गेज लावावे आणि इंजिन २५०० फेऱ्यांवर धरावे. काटा ३ पीएसआयच्या वर गेला तर पुढे कोठेतरी वाट तुंबली आहे असे साधारणपणे समजावे. जुन्या गाडीत इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावून इंजिन त्याच फेऱ्यांवर धरावे. काटा स्थिर न राहता हळूहळू खाली येत असेल तर तीच शंका घ्यावी. या तपासणीला पाव तास लागतो आणि तिचे वेगळे पैसे घेण्यात काही गैर नाही.

काम सुरू करण्याआधीचा आकडा आणि संपल्यानंतरचा आकडा बिलावर लिहून द्यावा. पाइपाचा व्यास, पत्र्याची जाडी आणि धातूचा प्रकारही लिहावा. असे बिल घेऊन गेलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दहा जणांना दाखवते. सडलेले सायलेन्सर बदलणे, तडकलेले मॅनिफोल्ड सांधणे, तुंबलेले कॅटकॉन ओळखणे, चेपलेले बेंड काढून गोल बेंड घालणे ही सर्व कामे कायद्यात बसणारी आहेत आणि त्यांची गरज रोज पडते. विजेवर चालणाऱ्या मोटारीला सायलेन्सर नसतो, हे खरे. पण आज रस्त्यावर असलेल्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजीच्या गाड्या अजून बरीच वर्षे चालणार आहेत. त्या जितक्या जुन्या होतील तितके हे काम वाढेल, आणि ते जाणकाराकडेच जाईल.

पुन्हा तो तरुण मारुती घेऊन आला तर त्याला परत पाठवू नका. त्याला बसवा, चहा पाजा आणि गेज लावून दाखवा. त्याच्या गाडीत चेपलेला बेंड आणि गळका गॅस्केट सापडण्याची शक्यता मोठी आहे. ते दुरुस्त करून दिले तर गाडीचा गेलेला दम परत येईल, आवाज मात्र वाढणार नाही. कदाचित त्या दिवशी तो थोडा नाराज होऊन जाईल. पण पंधरा दिवसांनी तो तक्रार घेऊन येणार नाही. आपल्या मित्राची गाडी घेऊन येईल.